जास्त अ‍ॅव्हरेजची गाडी मागे का पडली? प्रिअस, इनसाइट आणि गिऱ्हाईक



आपल्याकडे कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात पडायच्या आत एक प्रश्न येतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" रंग नंतर, किंमत त्याच्याही नंतर. आजचं व्याख्यान या प्रश्नाभोवतीच आहे. फक्त जागा वेगळी आहे: जपान आणि अमेरिका. आणि काळ साधारण 1993 ते 2009, म्हणजे ज्याला इतिहास म्हणायला काहींची जीभ अडखळते असा. पण ज्या काळात काढलेली गाडी आज संग्रहालयात ठेवलेली आहे, त्या काळाला आम्ही तरी इतिहासच म्हणतो.

तर गोष्ट अशी. सन 2000 मध्ये अमेरिकेतल्या गिऱ्हाइकापुढे दोन हायब्रिड गाड्या उभ्या होत्या. एक होंडाची इनसाइट, दुसरी टोयोटाची प्रिअस. सरकारी चाचणीत इनसाइटला शहरात गॅलनला 61 मैल आणि महामार्गावर 70 मैल मिळाले होते. आपल्या हिशेबानं लिटरला सुमारे 26 आणि 30 किलोमीटर. प्रिअसला 52 आणि 45, म्हणजे लिटरला 22 आणि 19. किंमत? इनसाइट 19 हजार डॉलरच्या जरा खाली, प्रिअस 20 हजारांना पाच डॉलर कमी. जास्त अ‍ॅव्हरेज, कमी किंमत, आणि बाजारात सात-आठ महिने आधी आलेली. आपल्या पेढ्याच्या प्रश्नाप्रमाणे निकाल लागायचा तर इनसाइट जिंकायला हवी होती. प्रत्यक्षात ती पहिली इनसाइट 2006 पर्यंत सगळ्या जगात मिळून 17 हजारांच्या आसपास खपली. प्रिअसनं मे 2008 पर्यंत दहा लाखांचा टप्पा ओलांडला.

हे का झालं याचं एक तयार उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं, की लोकांनी प्रिअस मिरवायला घेतली. हे उत्तर किती खरं आहे ते आज आपण तपासणार आहोत. पण त्याआधी थोडं मागे जायला हवं.

हायब्रिड म्हणजे एकाच गाडीत पेट्रोलचं इंजिनही आणि विजेची मोटरही. ही कल्पना नवी नाही. 1900 च्या सुमारास व्हिएन्नातले गाड्या बांधणारे लोहनर आणि त्यांच्याकडे कामाला असलेला तरुण फर्डिनांड पोर्शे यांनी अशी गाडी केली होती. इंजिन वीज तयार करी आणि चाकातल्या मोटरी गाडी ओढत. पुढे पेट्रोल स्वस्त झालं, इंजिनं सुधारली आणि ही भानगड कुणाला नको झाली. 1970 च्या दशकात अमेरिकेत व्हिक्टर वूक नावाच्या अभियंत्यानं ब्यूइक स्कायलार्क या साध्यासुध्या गाडीत मोटर बसवून ती सरकारी प्रयोगशाळेत तपासायला दिली. धूर कमी, पेट्रोल कमी. तरीही तो प्रकल्प सरकारनं गुंडाळला. कल्पना उत्तम, पण विकत कोण घेणार, हा प्रश्न तेव्हाही होताच.

1993 मध्ये दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी तीन मोठ्या देशी कंपन्यांना सोबत घेऊन गॅलनला 80 मैल देणारी कुटुंबाची गाडी बनवायचा कार्यक्रम जाहीर केला. परदेशी कंपन्यांना त्यात जागा नव्हती. आणि जपानमध्ये टोयोटानं एकविसाव्या शतकातली गाडी कशी असावी याचा विचार करायला एक गट बसवला. त्याचं नाव जी-21. गंमत बघा, सरकारी पैसा आणि घोषणा ज्या बाजूला होत्या, त्या बाजूनं शोरूममध्ये उभी राहील अशी गाडी काही आली नाही. 2001 नंतर तो कार्यक्रमच बंद झाला.

जी-21 ची जबाबदारी ताकेशी उचियामादा यांच्याकडे आली. हे गृहस्थ गाडीचा आवाज आणि थरथर कमी करण्यातले जाणकार. स्वतःच्या नावावर एकही पूर्ण गाडी नव्हती. त्यांचे वडीलही टोयोटात मुख्य अभियंता होते आणि क्राउन ही मोठी गाडी त्यांच्या हाताखाली झाली होती. म्हणजे घरात परंपरा, पण स्वतःचा अनुभव कोरा. गटानं सुरुवातीला ठरवलं की नेहमीच्या गाडीपेक्षा दीडपट अ‍ॅव्हरेज द्यायचं. इंजिन सुधारून, वजन कमी करून ते जमण्यासारखं होतं. त्यांचे वरिष्ठ अकिहिरो वादा म्हणाले, दीडपट नको, दुप्पट द्या. आता दुप्पट म्हटल्यावर नुसत्या इंजिनानं भागणार नव्हतं. हायब्रिडकडे जावंच लागलं. आमच्या मते प्रिअसचा खरा जन्म या एका नकारात आहे.

1995 च्या अखेरीस पहिली चाचणीची गाडी जोडून झाली. आणि ती हलेना. 49 दिवस हलली नाही. पन्नासाव्या दिवसाच्या आसपास हलली ती जेमतेम पाचशे मीटर. त्याच सुमारास अध्यक्ष झालेल्या हिरोशी ओकुदांनी मुदत पुढे ढकलण्याऐवजी अलीकडे ओढली: 1997 च्या डिसेंबरमध्ये गाडी बाजारात हवी. ज्या गाडीची बॅटरी उन्हात तापून आणि थंडीत गारठून बंद पडत होती, तिच्याबद्दल हे बोलणं चाललं होतं. पण डिसेंबर 1997 ला कारण होतं. क्योटोमध्ये जगभरातले देश हवामानबदलाच्या करारासाठी जमणार होते. 1 ते 11 डिसेंबर ही ती परिषद, आणि प्रिअस जपानमध्ये विक्रीला आली 10 डिसेंबरला. किंमत साडेएकवीस लाख येन. जपानी चाचणीत लिटरला 28 किलोमीटर. महिन्याला हजार गाड्या काढायचा बेत होता, तो मागणी बघून लगेच दुप्पट करावा लागला.

आता होंडाकडे वळू. होंडाचा स्वभाव वेगळा. ही इंजिनवाल्यांची कंपनी. त्यांचा विचार सरळ होता: गाडी हलकी करा, तिचा वाऱ्याला होणारा अडथळा कमी करा, इंजिन लहान घ्या आणि जिथे ते लहान इंजिन कमी पडेल तिथे मोटरनं हात द्यावा. डिसेंबर 1999 मध्ये इनसाइट अमेरिकेत आली. अमेरिकेत विकली गेलेली या पिढीतली पहिली हायब्रिड तीच. अंग अ‍ॅल्युमिनियमचं, वजन साडेआठशे किलोच्या आसपास, इंजिन एक लिटरचं आणि तीन सिलिंडरचं. मागची चाकं अर्धी झाकलेली, म्हणजे वारा तिथं घुटमळू नये. आणि बसायला जागा किती? दोन.

दोन! इथं बरंच काही संपतं. मुलं कुठं बसणार, आईला स्टेशनवर कसं न्यायचं, बाजारहाटाच्या पिशव्या कुठं ठेवायच्या? होंडाला हे कळत नव्हतं असं नाही. इनसाइट ही मुळात आम्ही काय करू शकतो हे दाखवणारी गाडी होती. पण एक गोष्ट इथं नीट लक्षात घ्या, कारण पुढे ती कामाला येणार आहे. इनसाइट दिसायला वेगळी होती. प्रिअसपेक्षाही जास्त वेगळी. पहिली अमेरिकन प्रिअस तर चार दरवाजांची साधी, जरा बुटकी सेडान होती. रस्त्यात कुणी वळून बघावं ते इनसाइटकडे. म्हणजे नुसतं वेगळं दिसल्यानं गाडी खपते असं म्हणणाऱ्याला पहिला अडथळा इथंच लागतो.

दोन्ही गाड्यांच्या आतला फरक थोडक्यात सांगतो, कारण तो गिऱ्हाइकाला जाणवणारा आहे. होंडानं इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक पातळ चकतीसारखी मोटर बसवली. गाडी चालवायची इंजिनानंच, मोटर फक्त जोर लावते आणि ब्रेक मारताना वीज परत बॅटरीत भरते. रचना स्वस्त आणि सुटसुटीत. टोयोटानं दोन मोटर-जनरेटर घेतले आणि इंजिनासकट तिघांना एका ग्रहमालेसारख्या गिअरच्या जुळणीत बांधलं. मधे एक गिअर, त्याभोवती फिरणारे छोटे गिअर, बाहेर एक कडं. त्यामुळे इंजिन पूर्ण बंद ठेवून नुसत्या मोटरवर गाडी सुटू शकत होती. महाग आणि किचकट. पण सिग्नलवरून निघताना गाडी आवाज न करता सरकायची. शेजारी बसलेला माणूस विचारायचा, "चालू आहे का?" शिवाय मधोमध एक पडदा होता. वीज कुठून कुठं चालली आहे, इंजिन झोपलंय की जागं आहे, हे त्यावर बाणांनी दिसायचं. चालवणारे त्या पडद्याशी खेळत बसायचे, आकडा वाढवायच्या नादात हळू ब्रेक मारायला शिकायचे. होंडाच्या गाडीतही आकडे दाखवणारी सोय होती. पण इंजिन बंद करून शांतपणे सरकायचा अनुभव तिच्यात नव्हता.

आता पैशाचा हिशेब करू या, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. समजा कुणी वर्षाला 12 हजार मैल गाडी चालवतो. नेहमीची गाडी गॅलनला 30 मैल देते, हायब्रिड 50. म्हणजे वर्षाला 400 ऐवजी 240 गॅलन पेट्रोल. वाचले 160 गॅलन. 2000 साली अमेरिकेत पेट्रोल गॅलनला दीड डॉलरच्या आसपास होतं. वर्षाला बचत 240 डॉलर. दहा वर्षं गाडी ठेवली तर 2400. आणि त्याच टोयोटाच्या शोरूममध्ये उभी असलेली साधी कोरोला प्रिअसपेक्षा कित्येक हजार डॉलरनी स्वस्त मिळत होती. त्यात बॅटरीची धाकधूक वेगळीच. ती मेली तर किती खर्च? कंपनीला बॅटरीवर आठ वर्षांची किंवा एक लाख मैलांची हमी द्यावी लागली, ती या भीतीपोटीच. थोडक्यात, पैसे वाचवायला म्हणून घ्यायची तर पहिली प्रिअस आतबट्ट्याचा व्यवहार होता. तरी लोक घेत होते. म्हणजे कारण दुसरं काही होतं.

2002 मध्ये होंडानं आपली चूक सुधारली. निदान त्यांना तसं वाटलं. त्यांनी तेच तंत्र आपल्या भरपूर खपणाऱ्या सिव्हिकमध्ये घातलं. पाच माणसं बसतील, डिकी आहे, गॅलनला 47-48 मैल. बाहेरून बघितलं तर शेजाऱ्याच्या सिव्हिकसारखीच सिव्हिक. मागे एक छोटी पट्टी: हायब्रिड. पुढच्याच वर्षी, 2003 च्या शरद ऋतूत, टोयोटानं दुसरी प्रिअस आणली. ही मात्र उलट्या दिशेनं गेली. सेडान सोडली, त्रिकोणी पाठीची मोठी हॅचबॅक केली, जिच्यासारखी रस्त्यावर दुसरी नव्हती. मासिकांचे, परीक्षकांचे पुरस्कार तिला मिळाले.

त्याच वर्षी, 2003 च्या ऑस्करच्या रात्री, काही नटनट्या लांबलचक लिमोझिनऐवजी प्रिअसमधून उतरल्या. यामागं एक पर्यावरण संस्था होती, ती आणि टोयोटा यांनी मिळून ते जुळवलं होतं. लिओनार्डो डीकॅप्रिओ, कॅमेरॉन डायझ यांची नावं प्रिअसशी जोडली गेली ती तेव्हापासून. लाल गालिचावर साधी सिव्हिक उभी केली असती तर छायाचित्रकारांना वाटलं असतं, कुणाचा तरी ड्रायव्हर आलाय.

इथून मिरवण्याचं उत्तर जोर धरतं. 2007 मध्ये सीएनडब्ल्यू नावाच्या बाजारसंशोधन कंपनीची एक पाहणी न्यूयॉर्क टाइम्सनं छापली. प्रिअस घेणाऱ्यांपैकी 57 टक्के लोकांनी मुख्य कारण सांगितलं होतं की ही गाडी माझ्याबद्दल काहीतरी सांगते. इंधनाची बचत सांगणारे 36 टक्के. हा आकडा त्यानंतर इतक्या ठिकाणी आला की जणू शिलालेखच. टवाळीही भरपूर झाली. टीव्हीवरच्या एका व्यंगचित्रमालिकेनं तर हायब्रिडवाल्यांच्या आत्मसंतुष्टपणाचं प्रदूषण दाखवणारा अख्खा भाग केला.

पण मंडळी, इतिहासाच्या विद्यार्थ्यानं आकडा बघितला की आधी तो कुणी दिला ते बघावं. याच कंपनीनं त्याच सुमारास आणखी एक अहवाल काढला होता. जन्मापासून भंगारात जाईपर्यंतचा हिशेब केला तर प्रिअसपेक्षा हमर ही धूड गाडी कमी ऊर्जा खाते, असा त्याचा निष्कर्ष. जाणकारांनी त्या अहवालाची गृहीतकं एकेक करून उघडी पाडली. म्हणून 57 टक्के खोटेच, असं आम्ही म्हणत नाही. पण त्यावर अख्खी इमारत बांधू नये. शिवाय "माझ्याबद्दल काहीतरी सांगते" याचा अर्थ मिरवणं एवढाच होतो का? जेम्स वूल्सी यांचं उदाहरण घ्या. हे अमेरिकेच्या गुप्तहेर संघटनेचे, सीआयएचे माजी प्रमुख. ते प्रिअस चालवत आणि जाहीरपणे सांगत की तेलाचा पैसा शत्रूच्या खिशात जाऊ नये म्हणून चालवतो. झाडांवर प्रेम करणारा हॉलिवूडचा नट आणि हा माणूस एकाच गाडीत. दोघेही काहीतरी सांगत होते, पण एकच गोष्ट सांगत नव्हते.

जास्त भरवशाचा पुरावा पुढे आला तो दोन अर्थतज्ज्ञांकडून, स्टीव्हन आणि अ‍ॅलिसन सेक्स्टन. त्यांनी लोकांना विचारलंच नाही की तुम्ही गाडी का घेतली. त्यांनी वॉशिंग्टन आणि कोलोरॅडो या राज्यांत कुठल्या वस्तीत कुठली गाडी किती आहे ते पाहिलं. युक्ती साधी आणि हुशार आहे. नुसती पर्यावरणाची कळकळ असेल तर हिरव्या विचारांच्या वस्तीत प्रिअसही वाढायला हवी आणि सिव्हिक हायब्रिडही. पण जास्तीची वाढ फक्त प्रिअसमध्ये दिसली तर? तर ती वाढ दिसण्याची. आणि तसंच निघालं. ज्या वस्तीत शेजाऱ्यांना या गोष्टीचं कौतुक, तिथं प्रिअसचं पारडं जड. त्यांच्या अंदाजानं आपलं हिरवेपण दिसावं यासाठी लोक, जागेनुसार, 430 ते 4200 डॉलर मोजायला तयार होते. पैठणी कपाटात ठेवायला कुणी घेत नाही, इतकंच. पण 430 आणि 4200 यांत दसपटीचा फरक आहे हे विसरू नका. एका वस्तीत ज्याला मान, ते दुसऱ्या वस्तीत कुणाच्या गावीही नसतं.

आणखी एक कारण कॅलिफोर्नियात होतं, त्याला मिरवण्याशी काही घेणंदेणं नव्हतं. 2005 पासून ठरावीक अ‍ॅव्हरेज देणाऱ्या हायब्रिड गाड्यांना पिवळे स्टिकर मिळू लागले. ते लावलं की एकटा माणूसही कारपूलच्या राखीव लेनमधून जाऊ शकत होता. लॉस एंजेलिसच्या कोंडीत रोजचा वेळ वाचणं म्हणजे काय, ते मुंबई-पुणे करणाऱ्याला समजावून सांगायला नको. एकूण 85 हजार स्टिकर निघाले आणि संपले. मग स्टिकर लावलेली जुनी हायब्रिड जास्त भावानं विकली जाऊ लागली! पण हे स्टिकर इनसाइट आणि सिव्हिक हायब्रिडलाही मिळत होते. करसवलतही तिघींना होती. म्हणजे या कारणानं हायब्रिड का खपल्या ते समजतं, पण प्रिअसच का जास्त खपली ते नाही.

होंडानंही हे सगळं वाचलं असणार. कारण पुढची खेळी त्याला उत्तर देणारी आहे. 2005 च्या अकॉर्ड हायब्रिडमध्ये त्यांनी जोरदार सहा सिलिंडरचं इंजिन घातलं, दिसायला नेहमीची अकॉर्ड. ती आपटली आणि 2007 मध्ये बंद झाली. मग त्यांनी इनसाइट हे नाव परत काढलं. फेब्रुवारी 2009, जपान. पाच माणसांची, पाच दरवाजांची, त्रिकोणी पाठीची हॅचबॅक. लांबून बघितली तर प्रिअसच वाटावी अशी. किंमत 18 लाख 90 हजार येन, म्हणजे तेव्हाच्या प्रिअसपेक्षा चांगलीच कमी. एप्रिल 2009 मध्ये ती जपानमधली, छोट्या केई गाड्या सोडल्या तर, सगळ्यात जास्त खपणारी गाडी ठरली. हायब्रिडला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. तो होंडाला मिळाला, टोयोटाला नाही. लेहमन बुडाल्याला जेमतेम सात महिने झाले होते, लोक पैसा जपून वापरत होते आणि सरकारनं पर्यावरणपूरक गाड्यांवरचे कर कमी केले होते.

हा एक महिना आम्हाला या सगळ्या कथेत सर्वात महत्त्वाचा वाटतो. दिसणंही आहे आणि किंमतही कमी आहे, अशी गाडी होंडानं अखेर केली होती.

मे महिन्यात टोयोटानं तिसरी प्रिअस आणली. इंजिन दीड लिटरवरून 1.8 लिटरचं केलं, जपानी चाचणीत सर्वात साध्या प्रकाराला लिटरला 38 किलोमीटर. इनसाइटला 30 होते. आणि किंमत? सगळ्यांना वाटलं होतं की नवी, मोठी, म्हणजे महाग. टोयोटानं ती 20 लाख 50 हजारांवर आणली. एवढंच नाही, जुनी प्रिअस बंद न करता तिची किंमत उतरवून ती 18 लाख 90 हजारांना विकायला ठेवली. आकडा ओळखीचा वाटला? तोच, इनसाइटचा. एक येन इकडे नाही की तिकडे नाही. याला आमच्या गावाकडे नाकावर टिच्चून म्हणतात. नव्या प्रिअसची पहिल्या महिन्याभरात 1 लाख 80 हजारांच्या आसपास नोंदणी झाली आणि त्या वर्षी जपानमधली सर्वाधिक खपाची गाडी तीच झाली. अमेरिकेत 2009 मध्ये प्रिअस सुमारे 1 लाख 40 हजार, इनसाइट सुमारे 20 हजार.

आता मिरवण्याचं उत्तर परत तपासा. दुसरी इनसाइट दिसायला हायब्रिडच होती. शेजाऱ्याला जो संदेश जायचा तो गेलाच असता. स्वस्तही होती. तरी गिऱ्हाईक दीड-पावणेदोन लाख येन जास्त मोजून प्रिअसकडे गेलं, कारण तिच्यात मागे बसायला जास्त जागा होती, अ‍ॅव्हरेज जास्त होतं आणि ती कमी वेगात नुसत्या विजेवर चालत होती. म्हणजे जपानच्या त्या उन्हाळ्यात लोकांनी प्रिअस अगदी आपल्या पेढ्याच्या प्रश्नानं घेतली. कॅलिफोर्नियातला 2004 चा गिऱ्हाईक आणि नागोयातला 2009 चा गिऱ्हाईक यांना एकाच वाक्यात बसवायचा प्रयत्न केला की दोघांवरही अन्याय होतो. आणि अन्याय हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. ज्या लोकांनी खात्री नसलेल्या बॅटरीवर, तोट्याच्या व्यवहारात, स्वतःचे 20 हजार डॉलर पहिल्यांदा लावले, त्यांच्यामुळे ती बॅटरी पुढे स्वस्त झाली. त्यांना दिखाऊ म्हणून निकालात काढणं सोपं आहे. त्यातले काही दिखाऊ असतीलही. त्यांच्या दिखाऊपणाचा खर्च त्यांनीच भरला.

होंडानं पुढे ती पातळ मोटरची रचना सोडून दिली आणि 2013 च्या अकॉर्डपासून दोन मोटरींची वेगळी रचना घेतली. वाद कुणी जिंकला याची ही कबुलीच.

भारताचं काय, हे कुणीतरी विचारणारच, म्हणून सांगून टाकतो. आपल्याकडे आलेली पहिली हायब्रिड म्हणजे होंडा सिव्हिक, जून 2008. परदेशातून तयार आणलेली, किंमत 21 लाखांच्या पुढे. काही महिन्यांतच कंपनीनं ती आठ लाखांनी उतरवली आणि उरलेल्या गाड्या संपवल्या. प्रिअस 2010 मध्ये आली, 27 लाखांच्या आसपास. रस्त्यावर ती दिसली तरी ओळखणारा कोण होता? मिरवायचं तर समोरच्याला अर्थ कळायला हवा. 27 लाखांत ज्याला मिरवायचं त्याला तीन टोकांचा तारा किंवा चार कडी हवी होती, आणि ज्याला वाचवायचं त्याच्यासाठी डिझेल होतं, पुण्या-मुंबईत सीएनजी होता. 2017 च्या जीएसटीत मोठ्या हायब्रिडवर उपकर धरून 43 टक्के कर लागला, तेव्हा हिशेब आणखीच बिघडला.

आपल्याकडे हायब्रिड खऱ्या अर्थानं आली ती 2022 मध्ये. होंडा सिटी, मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायरायडर, आणि वर्षअखेरीस इनोव्हा हायक्रॉस दाखवली गेली. ती दाखवताना कंपनीचे उपाध्यक्ष विक्रम किर्लोस्कर हजर होते. त्यानंतर चार दिवसांनी त्यांचं निधन झालं. सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी उभी करणाऱ्या लक्ष्मणरावांचे ते पणतू. टोयोटा किर्लोस्कर ही कंपनी स्थापन झाली 1997 मध्ये, म्हणजे ज्या वर्षी पहिली प्रिअस विक्रीला आली त्याच वर्षी. पण प्रिअसमधली ती ग्रहमालेसारखी गिअरची जुळणी बिडदीच्या कारखान्यातून आपल्या मध्यमवर्गीय दारात यायला पंचवीस वर्षं लागली. विटाराच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात काय होतं, आठवतं का? 27.97. लिटरला किलोमीटर. पेढ्याच्या प्रश्नाचं उत्तर, तेही दोन दशांश स्थळांपर्यंत. दिसायला मात्र हायब्रिड विटारा आणि साधी विटारा यांत फरक शोधावा लागतो, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार ऐकू येत नाही.

तिकडे अमेरिकेतही तेच झालंय. 2019 पर्यंत टोयोटाच्या आरएव्ही-4 या चारचौघींसारख्या दिसणाऱ्या एसयूव्हीची हायब्रिड प्रिअसपेक्षा जास्त खपू लागली. आणि 2025 च्या मॉडेलपासून तिथली कॅमरी फक्त हायब्रिडच मिळते. साधी हवी असेल तर ती नाहीच. होंडानं 2002 मध्ये सिव्हिकवर लावलेली ती छोटी पट्टी आता लावायचंही कारण उरलेलं नाही.

बरं, वेळ होत आलाय. बॅटरीच्या आयुष्याबद्दल आणि सीएनजीच्या तुलनेबद्दल दोन चिठ्ठ्या पुढे आल्या आहेत. तिथून सुरू करू या.